सोलापुरात ग्लुटेन नसलेलं सामान: दुकानात नेमकं विचारायचं काय?

जुळेसोलापूरकरीण | सोमवार, रात्री १०:१२

लेक चौथीत आहे. वर्षभर पोट फुगायचं, वजन वाढेना, गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येईना. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला आणि सिलिअ‍ॅक ठरलं, म्हणजे गव्हा-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव कायमचं बंद. डॉक्टरांनी यादी दिली, ती फ्रीजवर चिकटवली. घरातलं जमलं. सोलापुरात राहून भाकरी येत नाही म्हणायची सोय नाही.

अडतंय ते दुकानात. तीन प्रसंग सांगते.

मोठं सुपरमार्केट. गणवेशातल्या मुलाला विचारलं, ग्लुटेन-फ्री काही आहे का? "हाय की मॅडम, या," म्हणत त्यानं मला शुगर-फ्रीच्या रॅकपुढं नेऊन उभं केलं. हे नाही म्हटल्यावर फॅट-फ्री दूध दाखवलं. बिचारा मनापासून शोधत होता.

नेहमीचं किराणा दुकान. पंधरा वर्षांचं खातं. बेसनात ग्लुटेन असेल का विचारलं तर काका दुखावले. "ताई, भेसळीचा माल आपण ठेवतच नाही." दोन दिवस नीट बोलले नाहीत माझ्याशी.

तिसरा प्रसंग फरसाणाच्या पाकिटावरच्या कस्टमर केअरचा. बराच वेळ गाणं ऐकलं, मग एका मुलीनं बॅच नंबर लिहून घेतला आणि चार दिवसांनी मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." अहो, तक्रार नव्हती ती. प्रश्न होता.

कुठल्या दुकानात काय मिळतं हे मी विचारत नाहीये. विचारायचं कसं, ते कुणी सांगेल का?

---

बाळीवेसकर | सोमवार, रात्री १०:३१

ताई, ज्वारीच्या गावात राहून ग्लुटेनची चिंता? कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. झालं जेवण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आपण महागडी पाकिटं शोधत फिरायचं? हुरड्याच्या दिवसात तर लेकीला शेतावरच ठेवा.

---

जुळेसोलापूरकरीण | सोमवार, रात्री १०:४४

@बाळीवेसकर, हुरडा तिला मनापासून आवडतो, त्याबद्दल वादच नाही. पण दादा, शेंगा चटणी चालते आणि शेंगा पोळी चालत नाही, हे नऊ वर्षांच्या पोरीला समजावून बघा एकदा. शिवाय शाळेतले वाढदिवस, गड्ड्याच्या जत्रेतलं खाणं, पाहुण्यांकडची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. नुसत्या भाकरीवर बालपण निघत नाही हो.

---

घरघंटी | सोमवार, रात्री ११:०५

भाकरी चालते, पण पीठ कुठल्या गिरणीतलं? आमच्या गल्लीतल्या गिरणीत गहू आणि ज्वारी एकाच दगडावर. आधीच्या बाईचा दहा किलो गहू निघाला की लगेच आपली ज्वारी ओततात. डब्यात पहिलं पडतं ते त्या बाईचं पीठ. माझ्या सासऱ्यांना सिलिअ‍ॅक आहे. सहा महिने आम्ही "भाकरीच तर खातात" म्हणत बसलो आणि त्रास काही जाईना.

शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच जात नाही. आमच्या पोळ्यांचं दळण बाहेरून येतं. शेजारीण एकदा "वाटीभर गहू काढून देता का" म्हणत आली. नाही म्हणताना जीव तुटला, पण नाही म्हटलं.

---

निवांत_सात_रस्ता | मंगळवार, सकाळी ७:५०

आमच्या आज्या-पणज्यांनी गहू खाल्ला, कुणाला काही झालं नाही. हे सगळं नवं फॅड आहे. दोन महिन्यांनी विसरून जाल.

---

पोटाचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:१०

@निवांत_सात_रस्ता, वजन उतरवायला गहू सोडणारे आहेत, ते फॅड म्हणा हवं तर. सिलिअ‍ॅक वेगळं. त्यात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूचे अंकुर झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तुमच्या पणजीच्या काळी "पोर किरकिरी, अंगी लागत नाही" म्हणायचे. त्यातली काही पोरं कशानं गेली हे कुणी तपासलं नाही.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. संशय असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. बंद केला की टीटीजी खाली येतं आणि निदान हुकतं. आणि किती कमी म्हणजे कमी? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याची हानी दिसली होती. ५० मिलिग्रॅम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम कणीक. पोळपाटावर उरते तेवढी. तेव्हा घरघंटीताईंचं अगदी बरोबर आहे.

---

लेबलवाचक | मंगळवार, रात्री ९:२०

मी स्वतः सिलिअ‍ॅकवाला, नोकरीनं सोलापुरात. पाकीटबंद मालापुरतं सांगतो.

भारतात "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. २० ते १०० मध्ये असेल तर तो "लो ग्लुटेन", आणि तो आपल्यासाठी नाही. दोन्ही पाकिटं एकाच रॅकवर असतात, डबे सारखेच हिरवे, म्हणून सांगितलं.

ज्याच्यावर यातलं काहीच लिहिलेलं नाही त्याचं मागचं अंग वाचायचं. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे गहू, जव, राय (हे धान्य, मोहरी नव्हे), ओट्स असं काही घातलं असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ते वेगळं लिहावं लागतं. "कंटेन्स व्हीट" दिसलं की पाकीट खाली ठेवायचं. "मे कंटेन" म्हणजे घातलेलं नाही, पण त्याच कारखान्यात गहू आहे. मी तेही घेत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते आणि नावात ज्या धान्याचा डंका पिटलाय ते किती टक्के आहे हेही छापावं लागतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं, नाचणीच्या नूडल्स भरपूर आल्या. पुढं ज्वारीचं कणीस, मागं पहिला घटक मैदा. आपल्या ज्वारीची अशी थट्टा बघून मला खरंच राग येतो.

"माल्ट" शब्द दिसला तर तो जवाचा समजा. मक्याच्या पोह्यांत, दुधात घालायच्या पावडरींत असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. माल्टोडेक्स्ट्रिनला मात्र घाबरू नका. नाव सारखं असलं तरी ती वस्तू वेगळी आहे, बहुतेक मक्याची.

आणि ताई, घरातल्या हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते बघितलंत का?

---

जुळेसोलापूरकरीण | मंगळवार, रात्री ९:४१

आत्ता उठून डबी बघितली. डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

रोजच्या आमटीत घालतेय हो मी. चार महिने.

---

लेबलवाचक | मंगळवार, रात्री ९:५८

वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं असंच होतं. मूळ हिंग फार उग्र आणि चिकट असतो. म्हणून डिंक आणि पीठ मिसळून बांधाणी हिंग करतात. ते पीठ कुठं मैद्याचं, कुठं तांदळाचं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, फक्त डबी उलटी करून वाचावी लागते. नाहीतर खडा हिंग घेऊन घरी कुटा, पण सुटा खडाही बांधाणीच असू शकतो, तेव्हा विचारून घ्या. आता हाच धागा पुढं न्या: सांबार मसाला, पापड, फरसाण, तयार लोणचं. जिथं हिंग तिथं हा प्रश्न.

---

आजी_रेल्वेलाईन्स | बुधवार, सकाळी ६:३०

माझ्या नातवाचंही हेच. मी इंग्रजी शब्द वापरतच नाही. दुकानात विचारते, "उपवासाला चालतंय का?" ग्लुटेन कुणाला ठाऊक नसेल, पण उपवासाला काय चालतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गहू, मैदा, रवा आपोआप बाजूला. राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा. हिंगसुद्धा नाही. एकादशीच्या आधी जाते आणि पंधरा दिवसांचं भरून ठेवते.

यादीतल्या "जव" शब्दाचा घोळही सांगते. सूनबाईनं यादी वाचली आणि आठवडाभर घरात ज्वारी बंद, जवसाची चटणीही बंद. पोरगं नुसत्या भातावर. जव वेगळं, जवस वेगळं, ज्वारी वेगळी. जवस आणि ज्वारी दोन्ही चालतात. वाण्यानंही हाच घोळ केला होता. मी "जव नको" म्हटलं तर ज्वारीचं पोतं आत सरकवलं त्यानं.

---

घरघंटी | बुधवार, सकाळी ९:१५

आजी, दंडवत! "सातू" पण त्यातच घाला. कुणी जवाला सातू म्हणतं, कुणी गहू आणि डाळं भाजून केलेल्या पिठाला. चालत दोन्ही नाही. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो. धपाट्यातही कणीक घालतात.

---

लेबलवाचक | बुधवार, सकाळी ९:४०

आजींची युक्ती झकास, पण तिला एक भोक आहे. उपवासाच्या चिवड्यात गहू नसतो हे खरं, पण तो कुठल्या कढईत तळला? सकाळी शंकरपाळी निघालेल्या तेलातच असेल तर उपवास मोडत नाही, आपलं पोट मोडतं. राजगिऱ्याच्या पिठालाही गिरणीचा प्रश्न आहेच. तेव्हा "उपवासाला चालतंय का" हा पहिला प्रश्न, आणि "कशात तळलं, कशात दळलं" हा दुसरा.

---

कन्ना_चौक_किराणा | बुधवार, रात्री ११:२०

दुकान बंद करून लिहितोय. वडिलांपासूनचं दुकान आहे. ताईंच्या काकांची बाजू सांगावी वाटली.

गिऱ्हाईक "अमुक आहे का यात" असं विचारतं तेव्हा आम्हाला ऐकू येतं "तू काय मिसळलंस?" त्यामुळं माणूस आधी स्वतःला वाचवतो. आणि खरं सांगू का, नाव माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं तर "नाही, नाही, काय नसतंय" हे उत्तर तोंडातून आपोआप निघतं. गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ नये म्हणून. त्यात माहिती काहीच नसते. तेव्हा दुकानदाराच्या "नाही"वर विसंबू नका. "थांबा, बघून सांगतो" म्हणाला तर त्याचं उत्तर कामाचं.

आता सुट्या मालाचं. माझ्याकडं बेसन, रवा, मैदा, कणीक ओळीनं ठेवलेलं असतं. माप एकच, काटा एकच, काट्यावरचं ताटही एकच. मैदा मोजल्यावर पोरगं ताटावर फडकं मारतं आणि बेसन ओततं. भेसळ नाही, पण तुम्हाला चालणारं नाही. मी स्वतः पाकिटं भरतो त्यांचंही तेच. वर माझ्या दुकानाचं नाव आहे म्हणून ते कंपनीचं पाकीट होत नाही.

मग काय करायचं? गर्दीच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ आणि महिन्याच्या एक ते दहा तारखेला असलं काही विचारू नका. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या. म्हणा, "गव्हाचा कण पोटात गेला तर पोरगी आजारी पडते. बेसनाचा नवीन कट्टा कधी फोडणार?" ज्या दिवशी फोडणार त्या दिवशी तुमच्या डब्यात तुमच्या मापानं आधी भरून देतो. कट्ट्यावरच्या लेबलचा फोटो काढा. कुठल्या मिलचा माल, लायसन्सचा चौदा आकडी नंबर, सगळं त्यावर असतं. मिलला फोन करून विचारा की तिथं गहू दळतात का. तो फोन मीही लावू शकतो, कारण कस्टमर केअरला तुम्ही एक पाकीटवाले, आणि मिलला मी महिन्याला वीस कट्टेवाला. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

एक चूक कबूल करतो. खपली गहू "ग्लुटेन नसलेला" म्हणून मी विकलाय. घाऊक व्यापाऱ्यानं तसं सांगितलं होतं. हा धागा वाचून शंका आली. डॉक्टरसाहेब, खरं काय?

---

पोटाचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ८:०५

खपली हा गहूच. जुना वाण आहे, हुग्गी सुरेख होते, पण ग्लुटेन आहे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला अजिबात नाही. विचारलंत हे फार बरं केलंत. ज्यांना विकला असेल त्यांना आठवलं तर सांगा.

---

कन्ना_चौक_किराणा | गुरुवार, सकाळी ८:३०

दोघं आठवतात. आज फोन करतो.

---

पूर्वभागातला | गुरुवार, दुपारी १:४५

आमच्या भागातल्या दुकानात मराठीत "गहू चालत नाही" म्हटलं तर "बरं बरं" म्हणतात आणि देतात तेच. आई तेलुगूत बोलली की मालक थांबून ऐकतो. म्हणून चिठ्ठी करून ठेवलीय. तेलुगूत गव्हाला गोधुमलु, पिठाला गोधुम पिंडी, रव्याला रव्वा. कन्नडमध्ये गव्हाला गोधी, आणि जवाला जवे गोधी. कन्नड बोलणाऱ्याला जव का चालत नाही हे समजावावंच लागत नाही, नावातच गहू आहे. मैदा सगळीकडं मैदाच, मेला.

हॉटेलात ही चिठ्ठी थेट भटारखान्यात पाठवतो. वेटर विसरतो. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी लागते, पण आपल्या इडली-डोशाच्या गाड्याला कसला नियम आणि कसलं काय. तिथं डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालाय का, एवढं डोळ्यांनी बघायचं.

---

निवांत_सात_रस्ता | गुरुवार, रात्री ९:१०

बहिणीच्या मुलाचं हिमोग्लोबिन तीन वर्षं आठच्या वर जात नाही. टीटीजी कुठल्याही लॅबमध्ये होते का?

---

पोटाचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:३२

मोठ्या लॅबमध्ये होते, किंवा ते नमुना पुढं पाठवतात. सोबत एकूण आयजीए (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) करायला सांगा. ते जन्मतःच कमी असेल तर टीटीजी खोटं नॉर्मल येतं. मुलाला आधी तज्ज्ञांना दाखवा. आणि तोवर त्याला पोळी खाऊ द्या.

---

जुळेसोलापूरकरीण | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

उशिरा लिहितेय, पण बरंच झालंय.

हिंग बदलला. दळणासाठी घरघंटी घेतली, हप्त्यावर. मागच्या आठवड्यात टीटीजी परत केलं. अजून नॉर्मल नाही, पण आधीच्या निम्म्याच्याही खाली आलंय. दोन्ही बदल एकदमच केल्यामुळं दोष हिंगाचा होता की गिरणीचा, ते कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणाले, कळून तरी काय करणार, दोन्ही बंदच ठेवा.

मग सकाळी साडेआठला आमच्या काकांच्या दुकानात गेले. एकटी नाही, लेकीला घेऊन. ग्लुटेन शब्द काढलाच नाही. म्हटलं, "काका, हिला गव्हाचा कण चालत नाही, पोटात जखम होते. तुमच्या बेसनात मैद्याचं माप पडतं का?" काकांनी तिच्याकडं बघितलं, मापाकडं बघितलं आणि म्हणाले, "पडतं की." पंधरा वर्षांत पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. कटकट न करता आतून बंद पाकीट काढून दिलं. वर माझ्याच गळ्यात चिठ्ठी मारली की काय काय चालत नाही ते मोठ्या अक्षरात लिहून दे, काउंटरच्या काचेखाली ठेवतो. ठेवलीय. पूर्वभागातल्या दादांचे कन्नड-तेलुगू शब्दही घातलेत.

सुपरमार्केटमध्ये मात्र काही बदललं नाही. तिथं विचारायला माणूसच टिकत नाही. दर खेपेला नवा मुलगा, दर खेपेला शुगर-फ्रीचा रॅक. तिथं आता मी फक्त पाकिटांच्या पाठी वाचते. लेकही शिकलीय. "व्हीट" आणि "माल्ट" हे दोन शब्द ती लांबून ओळखते. परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला यजमानीणबाईंच्या हातातलं वेफर्सचं पाकीट मागून घेऊन वाचायला बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पाकीट तिनं परत केलं ते बरोबर होतं.

आज सकाळी काकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पहिल्यांदाच. "मिलेट कुकीज" च्या पाकिटाचा फोटो, खाली लिहिलेलं, "पोरीसाठी आलंय, ठेवू का?" मी म्हटलं, काका, पाठ दाखवा. पाठीचा फोटो आला. पहिलाच घटक मैदा.

त्यांचं उत्तर होतं, "बरं. मग राजगिऱ्याचे लाडू ठेवतो. ते गुळातच बांधतात, मी विचारलंय."

---

आजी_रेल्वेलाईन्स | रविवार, संध्याकाळी ५:२०

लाडू बांधताना हाताला काय लावतात तेही विचारायला सांग.